जन्मसिद्ध आचार्य

थाई भाषेत शिक्षकासाठी दोन शब्द आहेत. शाळेत शिकवणारा तो 'ख्रू', म्हणजे संस्कृतातला गुरू. आणि विद्यापीठात शिकवणारा, किंवा ज्याला थोडा अधिक मान द्यायचा आहे असा कोणताही शिक्षक, तो 'आचान', म्हणजे आचार्य. गोऱ्या परदेशी माणसाला त्याच भाषेत 'फरांग' म्हणतात. हा शब्द मराठीतल्या 'फिरंगी'चा चुलतभाऊ असून थायलंडच्या मंडईत पेरू या फळाचेही तेच नाव आहे. (ज्या भाषेत हे फळ दक्षिण अमेरिकेतल्या एका देशाच्या नावाने विकले जाते, त्या भाषेच्या वाचकांनी यावर फार हसू नये.) फरांग आणि आचान या दोन पदव्या एकाच देहात एकत्र आल्या की जो मनुष्यविशेष तयार होतो, तो बँकॉकच्या कोणत्याही उपनगरात सकाळी साडेसातच्या सुमारास, इस्त्रीचा शर्ट आणि घामाने गळ्याला चिकटलेला टाय अशा वेषात, मोटरसायकल टॅक्सीच्या मागच्या बैठकीवर गुडघे आवळून बसलेला दिसतो.

हा आचान शिकवण्यासाठी म्हणून सहसा आलेला नसतो. तो तीन आठवडे समुद्रकिनारे पाहण्यासाठी येतो, चौथ्या आठवड्यात त्याचे पैसे संपतात, आणि त्याच सुमारास, मायदेशी कोणाच्याही खिजगणतीत नसलेली आपली मातृभाषा येथे रोकड आहे, असा साक्षात्कार त्याला होतो. मराठेशाहीत पाटीलकी, देशमुखी, कुलकर्ण ही वतने वंशपरंपरेने चालत. पाटलाला पाटीलकी जमते की नाही याची परीक्षा कोणी घेत नसे, तो पाटलाच्या पोटी आला एवढे पुरेसे असे. इंग्रजीच्या अध्यापनव्यवसायात 'नेटिव्ह स्पीकर' नावाचे जे पद आहे ते अगदी याच जातीचे वतन आहे. या संज्ञेचा पुस्तकी अर्थ 'जन्मापासून ती भाषा बोलणारा' असा असला तरी व्यवहारातला अर्थ 'ठरावीक देशाचा पासपोर्ट बाळगणारा' असा आहे. दक्षिण कोरियाने तर ही वतनदारी कायद्यानेच आखून दिलेली असून तेथे परकी भाषाशिक्षकाचा नेहमीचा व्हिसा इंग्रजीपुरता अमेरिका, ब्रिटन, कॅनडा, आयर्लंड, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड आणि दक्षिण आफ्रिका या सातच देशांच्या नागरिकांना मिळतो. थायलंडमध्ये जाहिरातीतली एक ओळ तेच काम करते. दीडशे वर्षांपूर्वी साहेबाच्या तोंडी 'नेटिव्ह' म्हणजे मराठी किंवा बंगाली माणूस असे आणि त्या शब्दाने पगार कमी होत असे; आता तो शब्द साहेबाने स्वतःला लावून घेतला आहे आणि त्याने पगार वाढतो, हा अर्थांतराचा प्रकार भाषाशास्त्राच्या अभ्यासकांनी अवश्य नोंदवावा.

वतनाला सनद लागते, तशी आचानालाही एक लागते. परकी भाषा म्हणून इंग्रजी शिकवणे, या अर्थाच्या चार इंग्रजी शब्दांच्या आद्याक्षरांवरून या विद्येला 'टेफल' म्हणतात आणि तिचे प्रमाणपत्र १२० तासांचे असावे असा बाजाराचा रिवाज आहे. केंब्रिजच्या 'सेल्टा' नावाच्या अभ्यासक्रमात उमेदवाराला खऱ्याखुऱ्या विद्यार्थ्यांसमोर एकूण सहा तास उभे राहून, मागे बसलेल्या परीक्षकाच्या नजरेखाली शिकवावे लागते. परंतु १२० तास घरातल्या पलंगावर, संगणक मांडीवर घेऊनही भरता येतात, आणि बहुसंख्य आचान हा दुसरा मार्ग पत्करतात. त्याशिवाय पदवी लागते, पण ती इंग्रजीचीच असावी असा आग्रह क्वचितच असतो. भूगर्भशास्त्र, हॉटेल व्यवस्थापन किंवा क्रीडाविज्ञान यांपैकी कशाचीही चालते. 'प्रेझेंट परफेक्ट' नावाचा एक काळ आपण आयुष्यभर बिनचूक वापरत आलो आहोत, हे आचानाला या अभ्यासक्रमात प्रथम कळते. शाळेतल्या थाई शिक्षिकेला तो काळ नियम व अपवादांसह पाठ असतो, त्यामुळे व्याकरण तिच्याकडे आणि 'संभाषण' आचानाकडे अशी कामाची वाटणी पहिल्याच दिवशी मुकाट्याने ठरून जाते.

नोकरी मिळण्याआधी खोली मिळवावी लागते आणि खोलीसाठी दोन महिन्यांची अनामत व एका महिन्याचे आगाऊ भाडे मोजावे लागते. इतपत व्यवहार पुण्यामुंबईच्या भाडेकरूला नवा नाही. नवे आहे ते पुढचे. आपल्याकडे अकरा महिन्यांचा करार घराचा असतो, आचानाचा तो पुष्कळदा नोकरीचा असतो, आणि काही शाळांत तर दहाच महिन्यांचा. कारण थायलंडचे शालेय वर्ष मेच्या मध्यावर सुरू होऊन मार्चमध्ये संपते आणि उरलेल्या उन्हाळ्याचा पगार देण्याचे शाळेला काही कारण दिसत नाही. त्या काळात 'सोंगक्रान' येतो. सोंगक्रान म्हणजे संक्रांत, म्हणजेच एप्रिलमधले थाई नववर्ष. सारा देश रस्त्यावर येऊन एकमेकांवर पाणी उडवत असतो, आणि आचान आपल्या बचतीतले शेवटचे बाट मोजत, मे महिन्याच्या जाहिराती चाळत, त्या पाण्यात भिजत असतो. सरकारी शाळेत त्याला महिना तीस-चाळीस हजार बाट मिळतात. इतका पगार त्याच शाळेतल्या तरुण थाई शिक्षकाला मिळत नाही, ही गोष्ट आचानाला ठाऊक असते. पण तिचा उच्चार शिक्षक-खोलीत करू नये, एवढे शहाणपण त्याच्याकडे असते.

कागदपत्रांच्या बाबतीत आचानाची दशा वाचून तलाठी कार्यालयात चपला झिजवलेल्या मराठी वाचकाला बंधुभाव वाटेल. त्याला 'नॉन-बी' नावाचा व्हिसा लागतो, कामाचा परवाना लागतो, आणि 'खुरुसफा', म्हणजे शब्दशः गुरुसभा, या शिक्षक परिषदेकडून अध्यापनाची तात्पुरती परवानगी लागते. व्हिसाचा प्रकार बदलून घेण्यासाठी कित्येक आचानांनी बँकॉकहून रात्रीची गाडी पकडून नोंग खाय गाठले आहे आणि मेकाँग नदीवरचा १९९४ साली खुला झालेला मैत्री पूल ओलांडून लाओसच्या राजधानीतल्या थाई वकिलातीपुढे पहाटेपासून रांग धरली आहे. परवान्यासाठी जो वैद्यकीय दाखला जोडायचा, त्यात अर्जदाराला कुष्ठरोग, क्षय, तिसऱ्या अवस्थेतला उपदंश, मादक द्रव्यांचे व्यसन, मद्यासक्ती आणि हत्तीपाय यांपैकी काहीही नाही असे डॉक्टरने लिहून द्यावे लागते; यांतल्या मद्यासक्तीच्या ओळीशी डॉक्टर आणि आचान दोघेही क्षणभर थबकतात. हे सगळे पार पडल्यावरही दर नव्वद दिवसांनी 'मी अजून याच पत्त्यावर राहतो' असे इमिग्रेशन खात्याला कळवावे लागते, आणि कळवताना वर्ष बौद्ध शकाचे आहे की इसवी सनाचे, याचे भान ठेवावे लागते. बौद्ध शक इसवी सनाच्या ५४३ वर्षे पुढे असल्यामुळे नवख्या आचानाला आपल्या परवान्याची मुदत २५६८ साली संपते असे वाचून जो आनंद होतो, तो फार काळ टिकत नाही.

वर्गात मात्र आचान सुखी असतो, निदान पहिली पाच मिनिटे. चाळीस-पंचेचाळीस मुले मॉनिटरच्या आज्ञेसरशी उठून एका सुरात त्याला सुप्रभात इच्छितात, त्याने 'कसे आहात' असे विचारताच 'आम्ही ठीक आहोत, धन्यवाद, आणि तुम्ही?' असे एका दमात म्हणून खाली बसतात, आणि त्या वर्षातले त्यांचे संभाषण तेथे जवळजवळ संपते. हजेरी घेणे हे त्याहून अवघड काम आहे. थाई मुलांची खरी नावे लांब, संस्कृत-पाली वळणाची आणि फरांग जिभेला न झेपणारी असतात. म्हणून प्रत्येकाला एक छोटे टोपणनाव असते आणि ते बहुधा इंग्रजीतून उचललेले असते. त्यामुळे बँक आज गैरहजर आहे, आइसला ताप आला आहे, गोल्फ आणि बॉल मागच्या बाकावर मारामारी करत आहेत आणि बिअर ही वर्गातली सर्वांत हुशार मुलगी आहे, अशा नोंदी आचानाला गंभीरपणे कराव्या लागतात.

जूनमधल्या एका गुरुवारी, बृहस्पतीच्या म्हणजे देवगुरूच्या वारी, शाळेत 'वाय ख्रू' नावाचा गुरुवंदनाचा सोहळा होतो, आणि आचानाच्या वर्षातला तो सर्वांत अवघड तास म्हणावा लागेल. मुले गुडघ्यांवर सरकत येतात आणि फुलांची तबके शिक्षकांपुढे ठेवतात. परंपरेने त्यात एक्झोरा असते, कारण तिच्या सुईसारख्या कळ्या कुशाग्र बुद्धीचे चिन्ह मानल्या जातात. वांग्याचे फूल असते, कारण ते खाली मान घालून नम्र राहते. आणि एक गवत असते, जे तुडवले तरी पुन्हा पसरते. हे गवत म्हणजे दूर्वाच, हे ओळखायला मराठी माणसाला वनस्पतिशास्त्र शिकावे लागणार नाही. दोन वर्षांपूर्वी मायदेशी एका गोदामात पेट्या मोजणाऱ्या इसमापुढे चौदा वर्षांची मुलगी दूर्वा ठेवून माथा टेकवते, तेव्हा त्याच्या चेहऱ्यावर जो भाव येतो, तो कोणत्याही अभ्यासक्रमाच्या १२० तासांत शिकवलेला नसतो. पुढचे दोन-तीन आठवडे तो पाठाची तयारी करून वर्गात जातो, अशी निरीक्षकांची साक्ष आहे.

ज्या देशात हा भाषेचा आचार्य दहा-बारा वर्षे काढतो, त्या देशाची भाषा मात्र तो शिकत नाही. भाषेला थाईत 'फासा' म्हणतात, आणि मराठी कानाला त्यात फास ऐकू आला तर आचानाची त्याला हरकत नसते. थाईत पाच स्वराघात आहेत, म्हणजे आवाजाच्या चढउताराने शब्दाचा अर्थ बदलतो. 'माय' हा एकच उच्चार सुरांच्या फरकाने नवा, लाकूड, नाही आणि प्रश्नचिन्ह अशी चार कामे करतो. व्यंजनांची अक्षरे चव्वेचाळीस असली तरी त्यांची रचना देवनागरीसारखी वर्गवार आहे, आणि थाई बालकाच्या अंकलिपीत 'क' हा खरोखरच कोंबडीचा आणि 'ख' अंड्याचा असतो. मराठी पहिलीतले पोर ही लिपी उन्हाळ्याच्या सुट्टीत आत्मसात करील. आचान मात्र जेवण मागवण्यापुरते आणि टॅक्सी वळवण्यापुरते शब्द गोळा करून थांबतो आणि बाकी सर्व प्रसंगी 'माय पेन राय', म्हणजे 'असू द्या, काही बिघडत नाही', हे तत्त्वज्ञान सांगतो. याला आळस म्हणणे अन्यायाचे होईल. भाषा न कळणे ही त्याच्या धंद्याची पुंजी आहे. तो थाई बोलू लागला की मुले त्याच्याशी इंग्रजी बोलायचे थांबतील, असे तो सांगतो, आणि या युक्तिवादाला अजून कोणी समाधानकारक उत्तर दिलेले नाही.

या परंपरेतल्या सर्वांत प्रसिद्ध शिक्षिकेचा उल्लेख केल्याशिवाय आचानाचे चित्र पुरे होत नाही, आणि तिचा उल्लेख केला की विषय थेट नगरला येऊन पोचतो. अ‍ॅना लिओनोवेन्स या बाई १८६२ साली सयामचा राजा मोंगकुट याच्या बोलावण्यावरून, त्याच्या राण्यांना व मुलांना इंग्रजी शिकवण्यासाठी बँकॉकला आल्या. आपण वेल्समध्ये, चांगल्या घरात जन्मलो आणि आपले दिवंगत पती लष्करात मेजर होते, असे त्या सांगत. वास्तविक त्यांचा जन्म १८३१ साली अहमदनगरला झाला. वडील कंपनी सरकारच्या फौजेत सार्जंट होते. १८४९ च्या नाताळात पुण्याला त्यांचे लग्न झाले. आणि पती कारकून होते. पतीचे 'लिऑन' हे मधले नाव 'ओवेन्स' या आडनावाला जोडून त्यांनी भारदस्त वाटेल असे एक नवे आडनाव घडवले. हे बिंग फोडले ते कोणा इतिहासकाराने नव्हे, तर विल्यम ब्रिस्टो नावाच्या कोळ्यांच्या अभ्यासकाने. जाळे विणणाऱ्यांचा हा तज्ज्ञ अ‍ॅनाबाईंच्या मुलाचे चरित्र लिहिण्यासाठी त्या मुलाचा लंडनमधला जन्माचा दाखला शोधत होता. तो मिळेना, म्हणून त्याने मुंबई इलाख्याची दप्तरे तपासली आणि १९७६ साली सत्य छापले. बाईंच्या बाकीच्या कारकिर्दीत आजच्या आचानाला ओळखीचे पुष्कळ सापडेल: घरावरून मालकाशी वाद, पगारवाढीची मागणी, १८६७ मध्ये तब्येतीसाठी घेतलेली रजा, आणि बऱ्या अटींवर परतण्याची बोलणी चालू असतानाच १८६८ मध्ये राजाचा मृत्यू. त्यांचा शिष्य चुलालोंगकोर्न गादीवर आला, त्याने आभाराचे पत्र पाठवले, पण परत बोलावले नाही. कराराचे नूतनीकरण न होण्याचे इतके सभ्य उदाहरण नंतर घडल्याचे ऐकिवात नाही.

वेल्सच्या त्या बनावाला लबाडी म्हणून मोकळे होता येत नाही. नगरच्या बराकीतल्या सार्जंटाची मुलगी, जिच्या आईच्या बाजूने हिंदी रक्त असावे असे चरित्रकार मानतात, ती आहे तशी राजवाड्याच्या दारात उभी राहिली असती, तर तिचे इंग्रजी कितीही शुद्ध असले तरी बाजारात त्याचा भाव पडला असता. बँकॉकमध्ये आज महाराष्ट्रातून गेलेला एखादा एम. ए., बी. एड. झालेला आणि दहा वर्षे आठवी-नववीला इंग्रजी शिकवलेला शिक्षक अर्ज करतो, तेव्हा त्याला आपले इंग्रजी सिद्ध करणारी परीक्षा देऊन गुण दाखवावे लागतात, आणि नोकरी मिळालीच तर फिलिपिनो सहकाऱ्यांच्या रांगेतला, म्हणजे फरांगाहून बराच कमी, पगार मिळतो. शेजारच्या वर्गातला क्रीडाविज्ञानाचा पदवीधर मधल्या सुट्टीत त्याच्याकडे येऊन प्रेझेंट परफेक्ट समजावून घेतो आणि हा तो समजावून देतो, बी. एड. चा संस्कार सहजी सुटत नाही. जन्मस्थान लपवण्याची सोयही त्याला उरलेली नाही, कारण ते पासपोर्टवर छापलेले असते. तो नगरचाच असेल तर त्याची अडचण दुहेरी आहे: पासपोर्टवर अहमदनगर असते, २०२४ पासूनच्या सरकारी कागदांवर अहिल्यानगर असते, आणि ही दोन्ही गावे एकच आहेत असे प्रतिज्ञापत्र त्याला इंग्रजीत लिहून द्यावे लागते.