सत्कारमूर्ती होण्यापूर्वी वाचा

गेली बावीस वर्षं मी बोरी अरबात आणि आसपासच्या गावांत गुणवंत विद्यार्थ्यांच्या सत्काराचं सूत्रसंचालन करतो आहे. मला स्वतःला दहावीला 48 टक्के होते. बोर्डाच्या हिशेबात 45च्या वर द्वितीय श्रेणी, 60च्या वर प्रथम आणि 75च्या वर प्रावीण्य. म्हणजे प्रावीण्य माझ्यापासून 27 टक्के लांब राहिलं. पण माइक धरणाऱ्याला मार्कशीट कोणी मागत नाही. स्टेजच्या कडेला उभं राहून मी इतके गुणवंत जवळून पाहिले, की त्यांच्या चुका मला पाठ झाल्या आहेत. मुलं रात्र रात्र जागून मार्क मिळवतात आणि सत्काराच्या दिवशी माती खातात. मार्क कसे मिळवावेत याची गाइडं दारव्ह्याला दुकानात मिळतात. मिळाल्यावर काय करावं याचं एकही मिळत नाही. म्हणून हा खटाटोप.

मार्क मिळवण्याबद्दल थोडक्यात उरकतो, कारण तो भाग सोपा आहे. अभ्यास करावा. करूनही जे कमी पडेल त्याची सोय बोर्डाने केलेली आहे. 2010पासून दहावीला सहापैकी पाच उत्तम विषयांचीच टक्केवारी धरतात. ज्या विषयाने वर्षभर छळलं, त्याला हिशेबाबाहेर बसवून सूड घेता येतो. बरेच जण गणिताला बसवतात. एकाने मराठीला बसवलं होतं. त्याचं कौतुक मी मराठीतून केलं, तेही त्याला पुरतं कळलं नाही. दुसरी सोय चित्रकलेची. इंटरमिजिएट ग्रेड परीक्षेत अ श्रेणी आली तर दहावीत 7 गुण वाढून मिळतात, ब ला 5, क ला 3. पाचशेत 7 म्हणजे 1.4 टक्का. तेव्हा पोराच्या हाती वेळेवर रंगपेटी द्या. घडा काढता आला पाहिजे. घड्यावरची सावली जमली तर उत्तमच.

तिसरी गोष्ट कोणी सांगत नाही, ती म्हणजे जन्माचं साल. राज्यात दहावीला शंभर टक्के मिळवणारे 2017 साली 193 होते, 2018 साली 125. 2019 साली भाषांचे शाळेच्या हातचे 20 गुण बोर्डाने काढून घेतले आणि शतकवीर उरले फक्त 20. पुढच्या वर्षी ते गुण परत आले, तसे शतकवीरही आले, 242. आणि 2021 साली, कोरोनात, परीक्षाच झाली नाही, तेव्हा 957. हे आकडे मी एकदा पानठेल्यावर वाचून दाखवले. एक कास्तकार शांतपणे म्हणाले, "म्हंजे पीक बियाण्यावर नाई, पाण्यावर हाय." शिक्षणशास्त्रावर याहून नेमकं भाष्य मी ऐकलेलं नाही. तर, पाल्याला योग्य साली जन्माला घाला.

आता निकालाचा दिवस. दुपारी एक वाजता निकाल ऑनलाइन दिसतो. त्यासाठी दोन गोष्टी लागतात: बैठक क्रमांक आणि आईचं नाव. बैठक क्रमांक पोरांना तोंडपाठ असतो. आईच्या नावापाशी अडतं. सोळा वर्षं जिला नुसतं 'माय' म्हटलं, तिच्या नावाचं इंग्रजी स्पेलिंग काय, दोन ई की एक आय, यावर ऑनलाइन सेंटरमध्ये पाच-पाच मिनिटं खल चालतो. मागे रांग खोळंबलेली. एकदा एका पोराने शेवटी घरी फोन लावला, "माय, तुयं नाव कसं लिवते?" पलीकडून उत्तर आलं, "कायले? काय झालं? कोन्त्या कागदावर सई पायजे?" हे दृश्य लक्षात ठेवा, पुढे लागेल.

निकाल दिसला की एसटी थांब्यापर्यंत जाताना किमान अकरा जण टक्के विचारतील. उत्तर कसं द्यायचं ते घरून ठरवून निघा. दशांशासह सांगाल तर पोट्टा गर्विष्ठ. नुसतं 'पास झालो' म्हणाल तर नक्की गेला असणार. मधला मार्ग म्हणून आवाज लहान आणि आकडा मोठा ठेवावा. 'आता पुढं काय?' हा प्रश्न लगेच येतो. याला बोरी अरबात एकच मान्य उत्तर आहे: कलेक्टर. मी आजवर स्टेजवरून साठेक भावी कलेक्टर जाहीर केले आहेत. यवतमाळ जिल्ह्याला एका वेळी एकच कलेक्टर लागतो, हे आयोजकांच्या लक्षात आणून द्यायची माझी आजवर हिंमत झालेली नाही.

यानंतर खरं काम सुरू होतं ते फ्लेक्सचं.

फ्लेक्स हा गुणवंताचा असतो, असा एक गैरसमज आहे. फ्लेक्सची रचना मी अनेकदा जवळून पाहिली आहे, कारण शुद्धलेखन तपासायला तो माझ्याकडे येतो (आणि तरी 'प्रावीण्य'चा 'प्राविन्य' होतोच). सगळ्यात वर राज्यपातळीवरचे चेहरे. त्याखाली जिल्ह्याचे, मग तालुक्याचे. उजव्या कोपऱ्यात हात जोडलेले, गॉगल घातलेले शुभेच्छुक. यांची संख्या छपाईच्या वर्गणीवर अवलंबून. उरलेल्या जागेत, बहुधा खाली डावीकडे, हॉल तिकिटावरचा फोटो ओढून मोठा केलेला गुणवंत. त्याखाली 'चि.' किंवा 'कु.', पूर्ण नाव, म्हणजे मधे वडिलांचं नाव. आईच्या नावाला जागा उरत नाही. हे कोणाच्या मनात वाईट असतं म्हणून नव्हे. मजकूर ठरवताना ती बैठकीत नसते, एवढंच. गुणवंताने या प्रकरणी काही बोलू नये. आपला फोटो गॉगलवाल्यांपेक्षा लहान आहे असं एका मुलीने म्हटलं होतं. त्यावर तिला समजावण्यात आलं, की बाळ, तुले पुढच्या वर्षी पन्नास फ्लेक्स मिळतीन, त्यायले तर दर वर्षी दिसा लागते.

सत्कार समारंभ निकालानंतर लवकर ठेवतात, कारण मृग लागला की माणसं पेरणीच्या मागे जातात आणि खुर्च्या रिकाम्या पडतात. म्हणजे कार्यक्रम नेमका नवतप्यात किंवा त्याच्या आगेमागे येतो. पारा 44वर, वर पत्र्याचा मंडप आणि त्यात तुमच्या खांद्यावर शाल. शाल लोकरीची वाटते. लोकरीची नसते, पण ऊब तेवढीच देते. ती अंगावर पडताक्षणी काढू नका. फोटोग्राफर अजून मागच्या सत्काराचा फोटो घेत असतो. नारळ डाव्या हातात, पुष्पगुच्छ उजव्या हातात, मोमेंटो मग कुठे धरायचा, हा प्रश्न मला दर वर्षी विचारतात. मोमेंटो पाहुण्यांच्या हातात राहू द्यावा, आपण त्याचा फक्त एक कोपरा धरावा आणि दोघांनी कॅमेऱ्याकडे पाहावं. पाहुणे तो सोडतील तेव्हाच तो आपला. मोमेंटोवरचं नाव स्टिकरचं असतं. नाव दुसऱ्याचं निघालं तर तिथल्या तिथे वाद घालू नये. नंतर घरी शांतपणे स्टिकर सोलावं, सहज निघतं.

मनोगत हा सर्वांत धोक्याचा भाग. तुम्हाला दोन मिनिटं देतात, आणि गुणवंत असल्यामुळे तुम्हाला वाटतं की खरंखुरं काही बोलावं. नका बोलू. याला इतिहासाचा आधार आहे. न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे एल्फिन्स्टन कॉलेजात शिकत होते. हुशारीत त्यांच्यापुढे कोण? पुढे 1862 साली बी.ए. झाले तेही पहिल्या वर्गात. पण विद्यार्थिदशेत एका निबंधात त्यांनी मराठेशाहीचा कारभार इंग्रजी अमलापेक्षा बरा ठरवला, आणि प्राचार्य अलेक्झांडर ग्रँट यांनी त्यांची शिष्यवृत्ती सहा महिने थांबवली. ग्रँटसाहेब तर गुणग्राहक म्हणून नावाजलेले होते. आपल्या स्टेजवरचे पाहुणे तेवढे गुणग्राहक असतीलच असं नाही. काही वर्षांपूर्वी एका गावात एका मुलीने मनोगतात सांगितलं, की आम्हाला वर्षभर गणिताचे सर नव्हतेच, मी दारव्ह्याच्या मैत्रिणीकडून वह्या आणून उतरवल्या. संस्थेचे पदाधिकारी पहिल्या रांगेत होते. मी ताबडतोब माइक घेऊन टाळ्यांचं आवाहन केलं. टाळ्या झाल्या. त्या गावाने पुन्हा गुणवंतांना मनोगताला उभं केलं नाही. आता तिथे थेट आभारप्रदर्शन होतं.

ज्यांना प्रावीण्य मिळालं नाही त्यांच्या घरच्यांनाही एक सूचना. अशा वेळी गावातले कोणीतरी काकाजी लोकमान्य टिळकांचा दाखला देतातच: डेक्कन कॉलेजात पहिलं वर्ष त्यांनी तालीम आणि व्यायामात घालवलं, अभ्यास मागे पडला. दाखला खरा आहे. पण त्यांनी पुढे गणितात पहिला वर्ग मिळवला, हा भाग काकाजी गाळतात. आणि आपला पोट्टा व्यायामही करत नाही, हे मी गाळतो.

आता कॉलेजवाल्यांकडे येतो. इथे मामला मोठा. 1923 साली नागपूर विद्यापीठ झालं, त्याआधी नागपूरच्या कॉलेजांतून शिकलेल्या वऱ्हाडी पोरांच्या पदव्या कधी कलकत्त्याच्या असत, कधी अलाहाबादच्या. मग नागपूरच्या झाल्या. 1 मे 1983ला अमरावती विद्यापीठ सुरू झालं आणि पदवी आणखी जवळ आली. गावाच्या दिशेने इतक्या नेटाने सरकत आलेली दुसरी कुठली सरकारी गोष्ट मला माहीत नाही. आमची शकुंतला रेल्वे तर मुर्तिजापूर ते यवतमाळ 113 किलोमीटर तेवढीच राहिली आणि मग थांबली. सुवर्णपदक मिळालं तर दीक्षान्त समारंभाला अमरावतीला जावं लागतं. बापाला सोबत न्या, पण आत किती माणसांना सोडतात ते आधी विचारून ठेवा. नाहीतर बाप बाहेर झाडाखाली शिदोरी सोडून बसतो आणि पदक गळ्यात घालून बाहेर आलेल्या लेकीला पहिला प्रश्न करतो, "जेवली का?"

अमरावतीच्या या विद्यापीठाला संत गाडगेबाबांचं नाव आहे. बाबा शाळेत गेले नव्हते. हातात खराटा, अंगावर चिंध्यांचा झगा; पाया पडायला कोणी वाकलं तर दूर सरत, हारतुरे नको म्हणत. 1956च्या डिसेंबरात वलगावजवळ त्यांनी देह ठेवला. त्यांच्या नावाने पदवी घ्यायची आणि त्या पदवीबद्दल शाल, फेटा, हार, पाय धुणं असा चार दिवस सत्कार घ्यायचा, हे कसं जमवावं, असं मला एका पदकवाल्या मुलाने विचारलं. मी त्याला सांगितलं, कार्यक्रम झाल्यावर मंडपातला कचरा तू उचल, हिशेब जुळतो. त्याने खरंच उचलला. लोक म्हणाले, पोराला मार्क पडले पण डोक्यावर परिणाम झालेला दिसतो.

पदकधारकाला एक जादा तयारी करावी लागते. बाहेरगावी मुलाखतीला गेलं की गावाचं नाव वाचून साहेब विचारतात, "अरब? म्हणजे?" महाराष्ट्रात बोरी ढीगभर आहेत, एक जिंतूर तालुक्यात, एक जुन्नरकडे. आमची अरबवाली. सांगावं, की यवतमाळ-दारव्हा रस्त्यावर, अडाण नदीच्या काठावर गाव आहे, वाळवंट नाही, उंट नाहीत, कापूस, तूर आणि सोयाबीन आहे. एवढ्याने साहेबांचं समाधान होत नाही, पण पुढचा अवघड प्रश्न टळतो. आमच्या एका पोराची मुलाखत निम्मी याच विषयावर झाली आणि त्याची निवड झाली. तेव्हापासून गावाचं नाव बदलावं ही मागणी मी मागे घेतली आहे.

सत्कारानंतरच्या सामानाचं काय करायचं? शाल पिशवीतून काढू नका. दिवाळीत आत्याला, नाहीतर पुढच्या वर्षी दुसऱ्या गुणवंताला चालते. नारळ संध्याकाळीच फोडा. मोमेंटो टीव्हीच्या वर ठेवा, टीव्ही भिंतीवर गेला असेल तर देवाऱ्याशेजारी. मूळ मार्कशीट मात्र लॅमिनेट करू नका. सेतू केंद्रात उत्पन्नाचा दाखला, डोमिसाइल आणि नॉनक्रिमिलेअर यांच्या रांगा लागतील. त्यासाठी झेरॉक्सचे वीस संच काढून ठेवा. प्रावीण्यवाल्याला आणि काठावरच्याला या रांगेत एकच नियम आहे.

राहिला फ्लेक्स. तो चौकातून उतरला की लगेच घरी घेऊन जा, नाहीतर शुभेच्छुकांपैकी कोणीतरी नेतो. ऑक्टोबरात सोयाबीनची गंजी वावरात उभी असते आणि नेमका परतीचा पाऊस येतो. मागच्या साली एका घरी मी रात्री गेलो होतो, तर पोराची माय एकटीच गंजीवर तो फ्लेक्स ओढत होती, छापील बाजू आत करून, चारही कोपऱ्यांवर दगड ठेवत. मी दोन कोपरे धरले. शेंग कोरडी राहिली. तेव्हा छापायला देताना जाड फ्लेक्स सांगा आणि चारही कोपऱ्यांना लोखंडी कड्या मारून घ्या. पातळ असला तर एक पावसाळाही टिकत नाही.