पेपरवरचे नाव

शोधनिबंधावर नाव लावण्यासाठी वैद्यकीय नियतकालिकांच्या संपादकांनी चार अटी घातल्या आहेत : संशोधनात भरीव वाटा, लेखनात सहभाग, अंतिम मसुद्याला संमती आणि पुढे भानगड निघाल्यास उत्तर देण्याची तयारी. पाचवी अट अलिखित आहे : 'सरांचंही नाव टाका.'

मग येतो क्रम. गणितात तो बहुधा वर्णानुक्रमे, इतरत्र कामाप्रमाणे. आमच्या शहाद्यात त्याने फारसे बिघडत नाही. संदर्भात 'पाटील व इतर' छापले जाते आणि इतरही पाटीलच असतात. प्रस्तुत लेखक अशाच एका निबंधातला तिसरा पाटील. पाहुण्यांना पेपर दाखवताना तो पहिल्या दोन नावांवर अंगठा ठेवतो.

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या (यूजीसी) २०१८च्या नियमावलीत एका निबंधाच्या गुणांपैकी दोन लेखकांना प्रत्येकी ७० टक्के आहेत, म्हणजे एकूण १४०. लेखक दोनाहून जास्त असतील तर मुख्य लेखकाला ७०, बाकीच्यांना प्रत्येकी ३०. विद्येप्रमाणे श्रेयही वाटल्याने वाढते.

या विषयात मांजराला टाळून चालत नाही. १९७५ साली अमेरिकेतले भौतिकशास्त्रज्ञ जॅक हेदरिंग्टन यांनी एकट्याने पेपर लिहिला, पण सगळीकडे 'आम्ही'. नियतकालिकाला ते चालणार नाही, असे सहकाऱ्याने सांगितले. टाइप केलेला मजकूर पुन्हा कोण बडवणार? त्यांनी आपल्या सयामी बोक्याला सहलेखक केले : एफ. डी. सी. विलार्ड. त्यातला 'सी' म्हणजे चेस्टर, हे बोक्याचे नाव; विलार्ड हे त्याच्या वडिलांचे. अगदी आपल्या रीतीप्रमाणे! पुढे काही प्रतींवर पंजाची सही झाली आणि १९८०मध्ये बोक्याच्या एकट्याच्या नावावर फ्रेंचमध्ये लेखही आला. नाव टाका म्हणून त्याने कोणाच्या मागे लकडा लावला नव्हता, एवढे मान्य करावे लागते.

सातपुड्यातल्या औषधी वनस्पतींवरच्या निबंधांपाशी मात्र हसू थांबते. धडगाव-तोरणमाळकडचा वैदू दिवसभर डोंगर चढवतो, झाडाची साल सोलून हातावर ठेवतो, कशावर किती द्यायची ते सांगतो. तक्त्यात वनस्पतीच्या लॅटिन नावापुढे ते नाव देणाऱ्या, १७७८ साली वारलेल्या लिनीअसचा 'एल.' ओळीओळीत दिसतो. वैदू 'स्थानिक माहितगार' होऊन शेवटच्या आभारांत जातो, तेही जागा उरली तर. ज्याला लिहिता येत नाही तो बाद आणि ज्याने पेपर वाचलाही नाही तो आत, हा हिशेब संतापजनक आहे.

पेपरवरची नावे मागाहून बदलता येतात. छापण्यापूर्वी संपादकाला कारणासह पत्र द्यावे लागते, छापल्यावर शुद्धिपत्र काढावे लागते. वाद झाला तर संपादक निवाडा करत बसत नाही, प्रकरण लेखकांच्या संस्थेकडे धाडतो. पत्रावर सर्वांच्या सह्या लागतात, ज्याचे नाव काढायचे त्याचीही. त्यामुळे एकदा लागलेले नाव सहसा निघत नाही.