नखं निघतात कशी ते विचार

एडिसन, न्यू जर्सी
महालक्ष्म्यांच्या तोंडावर

ती. आत्यास शि. सा. नमस्कार.

‘पोट्टे एवढुसे, अन् तू नखं काऊन लावून राहिली?’ हा तुझा प्रश्न पोचला. जन्मभर नागपूरच्या मेयो इस्पितळात सिस्टर म्हणून राबलेल्या बाईने प्रश्न विचारला की ती चौकशीच असते, आणि हिवाळी अधिवेशनात मंत्री देतात तसलं ‘माहिती मागवली आहे’ हे उत्तर तुझ्यापुढे चालायचं नाही. म्हणून लेखी निवेदन पाठवते आहे. फोनवर तू मधेच हसतेस. कागदावर निदान शेवटपर्यंत वाचावं लागेल. माझं म्हणणं असं की ज्यांच्या घरात लहान पोरं आहेत त्यांनी नकली नखं जरूर लावावीत, फक्त ती निवडताना किती दिवस टिकतात हे बघू नये; किती मिनिटांत आणि किती सुखरूप निघतात ते बघावं. दुकानात नेमकं उलटं असतं. डबीच्या दर्शनी बाजूला टिकण्याची फुशारकी ठळक अक्षरात, आणि काढायचं कसं ते मागे, चष्मा लावूनही दिसणार नाही एवढ्या बारीक अक्षरात.

हे पटायला परदेशातली उदाहरणं लागत नाहीत, टिकली बघ. पूर्वी कपाळाला मेण लावून त्यावर कोरडं कुंकू चेपायचे. मग पाकिटातली चिकट टिकली आली आणि बघता बघता मेणाची डबी अडगळीत गेली. टिकलीला कुणी ‘खोटं कुंकू’ म्हणून घराबाहेर काढलं नाही, कारण ती रात्री निघते, आरशावर मुक्काम करते आणि सकाळी पुन्हा कपाळावर रुजू होते. बर्डीच्या बाजारात पाकीट घेताना ‘महिनाभर निघणार नाही ना?’ असं विचारणारी बाई अजून जन्मायची आहे. प्रेस-ऑन नख म्हणजे बोटावरची टिकली: मागे चिकट, पुढे रंगीत, काम झालं की बाजूला. यावर तू ‘तेरड्याचा रंग तीन दिवस’ म्हणणार, हे मला इथून ऐकू येतं. म्हण फुलापुरती खरी असेल, पण तेरड्याची बदनामी मला मान्य नाही. तेरड्यात लॉसोन असतं, म्हणजे मेंदीतलंच रंगद्रव्य; कोरियात तेरड्याच्या पाकळ्या वाटून नखांवर बांधायची जुनी रीत आहे आणि तो रंग नख वाढून कापलं जाईपर्यंत राहतो. आणि समजा, तीनच दिवस टिकला, तरी बिघडलं काय? महालक्ष्म्याही तीनच दिवस असतात. आवाहन, पूजन, विसर्जन. चौथ्या दिवशी बाईला भांडी घासायची असतात, डबे भरायचे असतात, ऑफिसच्या मीटिंगला बसायचं असतं.

आता ‘पार्लरमध्ये जाऊन एकदाच नीट करून घे ना’ हा मामीचा सल्ला. इथे कोपऱ्याकोपऱ्यावर नखांची दुकानं आहेत आणि त्यांतली बरीचशी व्हिएतनामी कुटुंबांची. (त्याचीही एक गंमत आहे. 1975 साली व्हिएतनाममधून आलेल्या निर्वासित बायकांना भेटायला ‘द बर्ड्स’ सिनेमाची नायिका टिपी हेड्रन कॅलिफोर्नियातल्या छावणीत गेली. बायकांना तिची नखं आवडली, तर तिने स्वतःची मॅनिक्युअरवाली आणून वीस जणींना ती कला शिकवली. सिनेमात पक्ष्यांनी तिला टोचून काढलं, पण तिच्या नखांनी केवढा धंदा उभा केला!) दुकानातलं काम देखणं होतं, यात वाद नाही. पण जेल किंवा ॲक्रिलिक लावायला तासभर तरी जातो, दोन-तीन आठवड्यांनी खालून नख वाढून फट दिसू लागते आणि काढायला पुन्हा तिथेच जावं लागतं, नाहीतर घरी ॲसिटोनमध्ये बोटं बुडवून बसावं लागतं. पैसे एकवेळ सोड. आईबापांकडे सलग तास नसतो. असतात ते बारा-बारा मिनिटांचे तुकडे. त्यात ब्रिटनच्या त्वचारोगतज्ज्ञांच्या संघटनेने 2018 मध्ये इशारा दिला की जेल-ॲक्रिलिकमधल्या मेथाक्रिलेट रसायनांची ॲलर्जी वाढते आहे, विशेषतः घरच्या घरी किट आणून करणाऱ्यांत. एकदा ती ॲलर्जी जडली की जन्माची सोबत, आणि पुढे दाताच्या किंवा हाडाच्या कामात तशीच रसायनं लागली तर पंचाईत. नखासाठी दातांशी वैर कोण घेईल? गंमत म्हणजे ॲक्रिलिक नख मुळात एका दंतवैद्यानेच, दातांच्या मसाल्यातून, 1954 मध्ये घडवलं असं सांगतात.

प्रेस-ऑनमध्येही दोन जाती आहेत, आणि निवड खरी इथेच होते. एक बाटलीतल्या ग्लूची, दुसरी चिकट टॅबची. ग्लू म्हणजे सायनोॲक्रिलेट, आपलं फेविक्विक ज्या घराण्यातलं तेच घराणं. कोडॅकच्या हॅरी कूव्हरला ते 1942 मध्ये बंदुकीच्या पारदर्शक साइटसाठी प्लास्टिक शोधताना सापडलं आणि सगळ्यालाच चिकटतं म्हणून त्याने तेव्हा बाजूला ठेवलं. लहान मुलांच्या घरात त्याने ते कायमचंच बाजूला ठेवलं असतं तर बरं झालं असतं. ही बाटली डोळ्यांच्या औषधाच्या बाटलीसारखी दिसते, आणि घाईत तिचाच थेंब डोळ्यात घातल्याच्या केसेस वैद्यकीय नियतकालिकांतून गेली कित्येक वर्षं छापून येत आहेत. कापसावर किंवा सुती कपड्यावर सांडली तर ती इतकी तापते की चटका बसतो. शिवाय ग्लूचं नख ओढून काढलं की त्याबरोबर आपल्या नखाचा पापुद्राही येतो. बोटाचं नख महिन्याला जेमतेम तीन मिलिमीटर वाढतं. एका चिडक्या सोमवारी उपटलेलं भरून यायला सहा महिने लागतात. टॅबचं तसं नाही. कोमट पाण्यात साबण आणि थोडं तेल घालून हात बुडवायचे, कडेने हळूच उचलायचं, की पोरांची आंघोळ आटपेपर्यंत दहाच्या दहा वाटीत. हां, डिंक म्हटला की निर्मळच असं समजू नकोस. काही टिकल्यांच्या डिंकातल्या पॅरा-टर्शरी ब्यूटिल फिनॉलने कपाळावर पांढरे डाग पडतात, हे तू माझ्याआधी पाहिलं असशील. म्हणून बोटाला खाज आली, कड लाल दिसली, तर त्याच रात्री काढायचं. पुन्हा तेच, जे लगेच निघतं तेच घ्यावं.

तुझा खरा आक्षेप स्वच्छतेचा, आणि तो मी झटकणार नाही. तुझी बाजू कागदोपत्री भक्कम आहे. अमेरिकेच्या सीडीसीने 2002 मध्ये जास्त धोक्यातल्या रुग्णांपुरतं आणि जागतिक आरोग्य संघटनेने 2009 मध्ये सगळ्याच रुग्णांसाठी लिहूनच ठेवलं आहे की त्यांची देखभाल करणाऱ्यांनी नकली नखं लावू नयेत, कारण हात धुतल्यावरही नखाखाली जंतू उरतात. ओक्लाहोमात 1997-98 मध्ये नवजात बालकांच्या अतिदक्षता विभागात स्यूडोमोनासची साथ आली. तपासात ज्या दोन नर्सेसकडे बोट गेलं, त्यांच्यातल्या एकीची नखं नकली होती आणि दुसरीची स्वतःचीच, पण लांब. दोष नखांचाच असं पुराव्याने ठरलं नाही, संशय मात्र गंभीर होता. यातून दोन गोष्टी निघतात. घरात महिन्या-दोन महिन्यांचं बाळ असेल किंवा कुणाची जखम बांधायची असेल, तर नखं डबीतच राहावीत. रांगतं बाळ असेल तर काळजी दुप्पट, कारण निखळलेलं नख त्याच्या तोंडात जायला क्षण लागतो आणि ते घशात अडकू शकतं. इथे मी तुझ्यासमोर हात जोडते. पण दुसरी गोष्ट तुझ्या विरोधात जाते. स्वतःच्याच लांब नखांची नर्सही संशयितांत होती, म्हणजे खोट प्लास्टिकमध्ये असेल तितकीच लांबीत आहे. बोटाच्या टोकाबरोबर संपणारं आखूड नख, शुक्रवारी रात्री लावलेलं आणि सोमवारी काढून हात खसखसून धुतलेले, हे एक. तीन आठवडे पक्कं बसलेलं, कडेने सुटत चाललेलं, आत ओल धरलेलं, हे दुसरं. त्या ओलीत जंतू वाढून खालचं नख हिरवं पडतं, हेही तुला ठाऊक आहे. डॉक्टरकडे जायचं तर आधी काढावं, कारण बोटाला लावायच्या ऑक्सिमीटरला रंगीत नखाचा अडथळा होऊ शकतो. त्यालाही निघणारं नखच बरं.

आखूडपणाचा आग्रह केवळ जंतूंसाठी नाही. इथे पोरांच्या कारसीटला लाल बटण असतं आणि ते इतकं घट्ट की बोटाच्या पेराने सगळा जोर लावावा लागतो. लांब नख आलं की बटण दबत नाही, नखच मागे वळतं. मोबाइलच्या काचेला प्लास्टिक कळत नाही, तिला त्वचाच लागते. पोरीची वेणी घालताना कड जराशी जरी उचललेली असली तरी केस अडकतो आणि मग शेजारच्यांनाही कळतं. कणकेचं सांगायलाच नको. मळायची असेल तर पुरणाच्या आदल्या रात्रीच नखं वाटीत. नवऱ्याने कणीक मळली तर गोष्ट वेगळी, आणि इकडे मळतात हो, तुझ्या भावाला मात्र सांगू नकोस. माप घेताना डबीतल्या 24 ते 30 नखांतून आपली दहा आधी ओळीने मांडून ठेवावीत. कातडीवर चढणारं नको, कडा उघड्या ठेवणारं नको. दोन मापांच्या मधे अडलं तर मोठं घेऊन बाजूने घासावं. लावण्याआधी नखाचं तेल स्पिरिटने पुसावं आणि लावायचं ते पोरं झोपल्यावर, कारण नंतर काही तास पाणी लागू द्यायचं नसतं.

‘मेंदी असताना हे नखरे कशाला?’ यावर माझं उत्तर असं की मेंदीला कुणाचीच हरकत नाही, पण ती कित्येक तास दोन्ही हात मागते. दोन लहान पोरं असलेल्या बाईचे हात इतके तास मोकळे राहिले, तर पोरं कुठे आहेत ते आधी बघावं लागेल. आणि नखरेच म्हणशील तर आहेत. आईने सणाला साडी नेसली तर कौतुक आणि नख रंगवलं तर पोराबाळांची हेळसांड, हा हिशेब मला कधी समजला नाही. बाप गाडी धुण्यात रविवारची सकाळ घालवतो, त्याला कुणी पोरं कुठे आहेत विचारत नाही. प्लास्टिकचा कचरा होतो, हा आक्षेप मात्र खरा आहे. जुनी टॅब खरवडून नवी लावली तर तीच नखं अनेकदा चालतात, आणि उरलेल्या मापांची वेगळ्या बोटांच्या बहिणीशी वाटणी होते. तेवढ्याने पाप पुरतं धुतलं जात नाही, कमी होतं.

राहिली हळद. फिक्या रंगाचं नख तर्रीत बुडलं की पिवळं पडणारच, म्हणून पोहे-सावजीच्या गावी येताना गर्द रंग घ्यावा. पडलाच डाग तर उन्हात ठेवावं; हळदीचा रंग उजेडाने उडतो आणि नागपुरात उन्हाचा तुटवडा कधी ऐकला नाही. त्या उन्हाचंच मात्र भय आहे. उकाड्याने आणि घामाने टॅबचा चिकटपणा ढिला पडतो. म्हणून आपल्या चिंगीचं साक्षगंध डिसेंबरात आहे तर तिच्यासाठी लालचुटुक, आखूड, टॅबची डबी मी पाठवते. लग्न मे अखेरचं, ऐन नवतप्यातलं, त्याला मेंदीच काढा, नाहीतर मंगलाष्टकं चालू असताना अक्षतांबरोबर नखंही पडतील. तेवढं तिच्या दोन्ही अंगठ्यांच्या नखांची रुंदी मिलिमीटरमध्ये मोजून कळव, शिंप्याची टेप नको, पोराच्या कंपासातली पट्टी घे. दोन्ही अंगठे सारखे असतीलच असं नाही, आणि डबीतलं सगळ्यात जास्त चुकणारं माप तेच असतं.

मामांना नमस्कार, पोट्ट्यांना आशीर्वाद.

तुझी,
बेबी