रिव्हर व्ह्यूवाले आप्पा

नरडाण्याला तापी लागत नाही. हे आधीच सांगून टाकतो, कारण आप्पा सांगणार नाहीत. तापी आहे ती उत्तरेला, शिरपूरच्या वाटेवर, सावळद्याच्या पुलाखाली. पांझरा आहे ती पूर्वेला, बेटावदकडे, आणि तीसुद्धा पुढे मुडावदला जाऊन तापीलाच मिळते. थोडक्यात, दोन्ही नद्या नरडाण्याला वळसा घालून गेल्यात. तरीही आप्पांच्या फ्लेक्सवर शिडाच्या होड्या आहेत, काचेचे बंगले आहेत आणि धक्क्यावर मोठी हॅट घातलेली एक गोरी बाई मगातून काहीतरी पितेय. त्या बाईला शिंदखेडा तालुक्याचा मे महिना माहीत नसावा.

असे आप्पा आता दर मोठ्या गावाला एक मिळतात. कुठे नाना, कुठे तात्या. मूळ माल तोच. आमच्या आप्पांनी आधी कापसाची खेडा खरेदी केली, मग एलआयसीच्या पॉलिस्या उतरवल्या, मधे दोन वर्षं ठिबकचे पाइप विकले. पण बोंड, मरण आणि थेंब या तिन्हीत मिळून जे कमिशन सुटलं नाही ते त्यांना ‘व्ह्यू’मध्ये सापडलं. पांढरा कडक शर्ट, कपाळाला अष्टगंध, दोन मोबाइल, आणि बगलेत प्लास्टिकच्या नळीत गुंडाळलेला लेआउटचा नकाशा. ही नळी आप्पा पंगतीलाही सोडत नाहीत. लग्नात वरबाप पाया पडायला वाकला तर ते एका हाताने आशीर्वाद देतात आणि दुसऱ्या हाताने नळी सांभाळतात.

आमच्या आजोबांच्या पिढीला नदीकाठी कुणी फुकट जागा दिली असती, तर त्यांनी त्या माणसाशी सोयरीक तोडली असती. नदीकाठ म्हणजे मसणवटी, दहावं, म्हशी आणि पूर. मुडावदच्या संगमावर कपिलेश्वर महादेवाला जायचं, अंघोळ करायची, दर्शन घ्यायचं आणि उन्हं चढायच्या आत घरी यायचं. तिथे राहायचं ते महादेवाने. गावं वसली ती उंचावर, आणि ज्याचं घर नदीपासून लांब त्याची पत जास्त. पाण्याकडे तोंड करून बसणं ही श्रीमंती, हा शोध मुंबईचा. आप्पांनी तो खानदेशात आणला, आणि आणताना त्यात सुधारणाही केली.

“वरळीले लोके कोट्यवधी देतंस,” आप्पा सांगतात, “आन पानी कसं? खारं! चूळ भरता येत नही. आपलं गोडं शे ना भो!”

या युक्तिवादावर काय बोलायचं? एकदा वाटतं की बरोबरच आहे.

मधली काही वर्षं आप्पांच्या तोंडी लवासा होतं. वरसगावच्या जलाशयाकाठी इटलीतल्या पोर्तोफिनोच्या धर्तीवर अख्खं शहर उभं राहतंय म्हटल्यावर आप्पांनी इटली इतकी तोंडपाठ केली की ऐकणाऱ्याला वाटावं, पोर्तोफिनो दोंडाईच्याच्या पुढचं स्टेशन असेल. २०१० साली केंद्राच्या पर्यावरण खात्याने तिथलं काम थांबवायला लावलं, तरी आप्पा डगमगले नाहीत. “मोठ्या कामाला दृष्ट लागते,” म्हणाले. २०१८ मध्ये प्रकरण दिवाळखोरीच्या कायद्याखाली गेलं, तेव्हा मात्र एका रात्रीत त्यांनी इटली सोडली आणि नाशिकला उतरले. आता दाखला गंगापूर धरणाच्या बॅकवॉटरचा. तिथले द्राक्षमळे, फार्महाऊस, संध्याकाळची गार हवा. “तठे बी आधी काहीच नव्हतं,” हे आप्पांचं लाडकं वाक्य. आपल्याकडे आत्ता काही नाही, हाच त्यांच्या लेखी विकासाचा पहिला टप्पा.

आणि आशेला आधार अगदीच नाही असंही नाही. सुलवाडे बॅरेजमधलं पावसाळ्यातलं पाणी उचलून सोनगीरजवळच्या जामफळ धरणात टाकायचं, ही सुलवाडे-जामफळ-कनोली योजना. तिचं भूमिपूजन फेब्रुवारी २०१९ मध्ये पंतप्रधानांच्या हस्ते धुळ्यात झालं. योजना शेतीसाठी आहे, हे आप्पांना मान्य आहे. पण पाणी साठलं की त्याला काठ आला, काठ आला की व्ह्यू आला, आणि व्ह्यू कुणी विकायचा हे सरकारने कुठे लिहून ठेवलेलं नाही. शिवाय एमआयडीसी आहे. शिवाय मनमाड-इंदूर रेल्वे: ३०९ किलोमीटर, सप्टेंबर २०२४ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाची मंजुरी, त्यातला बोरविहीर-नरडाणा टप्पा. हे सगळे आकडे आप्पा एका श्वासात म्हणतात आणि श्वास घेण्यापूर्वी बयाण्याचा विषय काढतात.

साइट बघायला जायचं ते भाच्याच्या बोलेरोतून. रस्ता अजून नाही, गेट मात्र आहे. दोन खांब, त्यावर सिमेंटचे दोन हंस. एकाची मान वाहतुकीत गेली म्हणून तो बदकासारखा दिसतो. आत कपाशीचं वावर, पराट्या उपटलेल्या, त्यात फक्कीच्या पांढऱ्या रेघा आणि लाल डोक्याच्या खुंट्या. “हा तीस फुटी रोड. हे क्लब हाऊस. इथे जॉगिंग ट्रॅक.” जॉगिंग ट्रॅकवर एक शेळी उभी होती.

“आणि नदी?”

आप्पांनी आधी आम्हाला बांधावर चढवलं. मग बोलेरोच्या बॉनेटवर. मग शेजारच्या शेतातल्या पाण्याच्या टाकीकडे बघितलं, पण माझं पोट बघून तो विचार सोडला. हात लांब करून म्हणाले, “ती झाडांची काळी रेघ दिसते का? तिच्या मागे.”

“पण पाणी तर दिसत नाही.”

“नदी तठे शे,” आप्पा शांतपणे म्हणाले, “व्ह्यू आठे शे.”

नकाशात मात्र नदी अगदी कुंपणाला लागून आहे. कागद तेवढाच होता, तिने तरी कुठे जायचं? मी अंतराचं प्रमाण विचारलं, तर आप्पांनी रेल्वेचा दाखला दिला. नरडाण्यावरून जाणाऱ्या सुरत-भुसावळ मार्गाच्या या भागाला इंग्रजांच्या काळात ताप्ती व्हॅली रेल्वे म्हणायचे. “साहेबाने रुळाला तापीचं नाव दिलं, तेव्हा कुणी विचारलं का, स्टेशनातून तापी दिसते का म्हणून?” खरं सांगायचं तर मला यावर आजही उत्तर सुचलेलं नाही.

त्याच नकाशावर एक निळी आणि एक लाल रेघ होती. सरासरी २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची हद्द ती निळी पूररेषा, १०० वर्षांतून येणाऱ्या पुराची ती लाल. निळ्या रेषेच्या आत बांधकाम करू देत नाहीत. एका गुरुजींनी निळ्या रेघेवर बोट ठेवून हे काय म्हणून विचारलं, तेव्हा आप्पा म्हणाले, “पाणी निळंच दाखवतात ना गुरुजी.” तुकडेबंदीचा कायदा १९४७ चा, त्याचं नाव काढलं की आप्पांना नेमका फोन येतो. न वाजलेला फोन इतक्या अदबीने उचलणारा दुसरा माणूस मी पाहिला नाही.

आप्पा स्वतः कुठे राहतात? गावात, आतल्या गल्लीत, वडिलोपार्जित घरात. खिडकीतून समोरच्यांची न्हाणी दिसते. गल्लीत नळ येतो तेव्हा काकू “आलं, आलं!” असं ओरडतात आणि आप्पा, मग समोर कितीही मोठा गिऱ्हाईक बसलेला असो, बादल्या लावायला धावतात. एकदा मी तिथे असताना गिऱ्हाइकाच्या हातात नकाशाचं एक टोक होतं आणि दुसरं टोक आप्पांबरोबर मोरीपर्यंत गेलं. सहा हंडे, दोन पिंप, कळशी, शेवटी पातेली. परत येऊन ओल्या हाताने त्यांनी वाक्य पुरं केलं: “...तर सकाळी उठलं की समोर पाणीच पाणी!”

सौदा बसतो मात्र खरा. नोकरदार घेतात, निवृत्त घेतात, एकमेकांचं बघून घेतात. पण आप्पांची खरी भिस्त सुरतेवर. खानदेशातली हजारो कुटुंबं तिथे उधना, लिंबायतला पोटापाण्याला गेलेली. त्यांना गावाकडे काहीतरी आपलं असावंसं वाटतं. गेल्या दिवाळीत असा एक उधन्याचा मुलगा बायको-पोरांसह पॅसेंजरने उतरला. आप्पांनी शेवभाजी खाऊ घातली, बोलेरोतून साइट दाखवली, हंस दाखवले, नकाशा उघडला. होड्या, धक्का, गोडं पाणी, सगळं झालं. मुलगा ऐकत होता. मग म्हणाला:

“आप्पा, तापी आम्ही दखेल शे. २००६ ले. उकाईनं पानी सोडं, ती आमना घरमा येल व्हती.”

आम्ही सगळे गप्प झालो. त्या ऑगस्टमध्ये उकाई धरणातून पाणी सोडलं आणि सुरतेचा मोठा भाग बुडाला होता, हे इथे शेंबड्या पोरालाही माहीत आहे. तिथल्या नदीकाठच्या महागड्या वस्त्यांतही लोक गच्चीवर बसून होते. तीच तापी, फक्त इथून निघून तिथे पोचलेली.

“माले,” मुलगा म्हणाला, “पानीपाईन जो सगळास्मा लांब शे ना, तो प्लॉट दखाडा.”

आप्पांनी डोळ्याची पापणी लवू दिली नाही. नकाशा फिरवून उलटा धरला, पार मागच्या कोपऱ्यातल्या, महिनोन्‌महिने कुणी न विचारलेल्या खुंटीवर बोट ठेवलं आणि आवाज खाली आणून म्हणाले,

“तो शे एक. पन त्याना रेट जरा जास्त शे.”