पाच गुणांची तक्रार

मार्च जवळ आला की महाराष्ट्रातल्या गावोगावच्या नगरपालिकांविरुद्ध मोठी जनचळवळ उभी राहते. कचराकुंड्या भरून वाहताहेत, नळाला पाणी कमी दाबाने येतंय, रस्त्यावरचे दिवे बंद आहेत, अशा तक्रारी लाखो नागरिक समास सोडून, टापटीप अक्षरात आणि चक्क इंग्रजीत लिहून काढतात. त्यातली एकही पालिकेपर्यंत पोचत नाही, कारण तक्रारदार दहावीत असतो आणि त्याला दिवे नको असतात, पाच गुण हवे असतात. मराठी माध्यमाच्या इंग्रजीच्या कृतिपत्रिकेत, म्हणजे प्रश्नपत्रिकेच्या नव्या अवतारात, पत्र, संवाद किंवा भाषण, माहितीचं रूपांतर, बातमी किंवा गोष्ट यांना मिळून 20 गुण असतात, म्हणजे 80 गुणांचा चौथा हिस्सा. या 20 गुणांची तयारी जवळून पाहिली तर लक्षात येतं, की आपल्या शिक्षणव्यवस्थेने लिहिणाऱ्याशिवाय लेखन ही अवघड सिद्धी मिळवली आहे.

पुरावे जागोजागी आहेत. उत्तरपत्रिकेत स्वतःची ओळख द्यायची नाही, हा नियम रास्तच. पण त्यामुळे पत्र लिहिणारा पहिल्या ओळीपासून अमित किंवा अमिता असतो. ज्या मित्राला पत्र लिहायचं तो नसतो, त्याने जिंकलेली वक्तृत्व स्पर्धा झालेली नसते, तरी अमितच्या आनंदाला पारावार उरत नाही. हा आनंद कोणत्या मुद्द्यांनी व्यक्त करायचा हेही प्रश्नातच दिलेलं असतं. 1972 साली श्रीराम भिकाजी वेलणकर या संस्कृत पंडितांनी देशाला पिनकोड दिला, तो पत्र बरोबर पत्त्यावर पोचावं म्हणून. परीक्षेत तो सहा आकडी क्रमांक मांडणीचे गुण पदरात पडावेत म्हणून लिहिला जातो. भाषणाचं तर एकच अंगडं शिवून ठेवलेलं असतं: आदरणीय मुख्याध्यापक, शिक्षक आणि माझ्या प्रिय मित्रांनो, पुढे पाणी, झाडं किंवा मोबाइल, जो विषय येईल तो भरायचा. बातमीच्या प्रश्नात पर्यटकांची बस दरीत कोसळते. किती माणसं दगावली ते परीक्षार्थी ठरवतो, आणि शेवटच्या ओळीत चौकशीचे आदेश निघतात. हे मात्र आम्हा वृत्तपत्रवाल्यांकडूनच उचललेलं असावं.

याचं खापर गाइडवाल्यांवर आणि क्लासवाल्यांवर फोडायची रीत आहे. ती अन्यायाची आहे. घोकंपट्टी थांबावी म्हणून प्रश्नपत्रिकेची कृतिपत्रिका झाली, तेव्हा बाजारात सराव कृतिपत्रिका आल्या, इतकंच. कोणता प्रश्न कोणत्या साच्यात येणार हे आधीच ठाऊक असेल, तर साचा पाठ करणं हा आळस नव्हे, हिशेब आहे. विचार करणारं मूल इथे तोट्यात जातं, कारण विचाराला वेळ लागतो आणि वेळेला गुण नाहीत.

यावर पहिला आक्षेप वजनदार आहे. ज्या घरात इंग्रजीचा एक शब्द कानावर पडत नाही, तिथल्या मुलाला साचाच तारून नेतो. तो काढून घेतला तर ते नापास होईल. खरं आहे. पण पांगुळगाडा चालायला शिकवण्यासाठी असतो, शर्यतीसाठी नव्हे. राज्यात 2000 सालापासून पहिलीपासून इंग्रजी आहे. दहा वर्षांनंतरही गाडा सुटत नसेल, तर दोष पायांचा मानायचा का? शिवाय साच्याने सर्वांत जास्त नुकसान त्याच मुलाचं होतं. त्याच्या स्वतःच्या मोडक्या वाक्याखाली लाल रेघ येते, पाठ केलेल्या वाक्यावर बरोबरची खूण. यातून ते एकच धडा घेतं: आपलं वाक्य धोक्याचं, दुसऱ्याचं सुरक्षित. दुसरा आक्षेप असा, की लाखो उत्तरपत्रिका तपासायच्या तर समान कसोटी हवीच. हवी ना, पण सगळी पत्रं सारखीच असतील तर कसोटी तपासणार काय? आणि असली पत्रं आता मोबाइल निमिषात लिहून देतो. तिसरा आक्षेप व्यवहारी आहे: पुढे नोकरीत असलीच पत्रं लिहावी लागतात. हे शंभर टक्के मान्य. आपल्या पत्राची नोंद घेण्यात आली असून योग्य ती कार्यवाही सुरू आहे, हे उत्तर ज्या हाताने लिहिलं जातं, त्याला पत्रलेखनात पाचपैकी पाच मिळाले असणार.

तेव्हा मागणी माफक आहे. 20 पैकी फक्त पाच गुण एका प्रश्नासाठी राखून ठेवा: आज परीक्षेला येताना वाटेत जे दिसलं त्याबद्दल दहा ओळी. मुद्दे देऊ नका, सुरुवात देऊ नका, तात्पर्य मागू नका. व्याकरण चुकलं तर अर्धा गुण कापा, पण कोणत्याही पुस्तकात सापडणार नाही असा एक तपशील असेल तर पूर्ण दोन द्या. पुढच्या जूनमध्ये बाजारात वाटेत दिसलेल्या गोष्टींचे 21 अपेक्षित नमुने येतील, याची खात्री बाळगा. पण ते लिहिण्यासाठी निदान एखाद्या गाइडलेखकाला तरी घराबाहेर पडून रस्ता बघावा लागेल, आणि शैक्षणिक सुधारणेची सुरुवात कुठून तरी व्हायला हवीच.