कोब्याखालचा ऊस

शिरूर तालुक्यात वर्कशॉपची जमीन गरम करण्याची योजना आखणारा मी पहिलाच, असा माझा दावा आहे. तो अजून कोणी खोडलेला नाही. खोडायला आधी कोणीतरी तो मनावर घ्यायला हवा.

न्हावरे रस्त्याला माझं फॅब्रिकेशनचं शेड आहे. वीस बाय तीस, वर पत्रा, खाली कोबा. डिसेंबरात पहाटे पारा दहाच्या आसपास रेंगाळतो आणि सकाळी सातला कोब्यावर उभं राहिलं की थंडी चपलेतून पोटरीपर्यंत चढते. अशातच कॅनडातल्या मेव्हण्याने व्हिडिओ कॉलवर त्याचं गॅरेज दाखवलं. बाहेर गुडघाभर बर्फ आणि हा पठ्ठ्या आत अनवाणी! काँक्रीटमध्ये पाइप गाडलेले, त्यांतून कोमट पाणी फिरतंय. "दाजी, तुमच्याकडे नाही का असलं काही?" त्याने सहज विचारलं. मी ते सहज घेतलं नाही.

त्याच रात्री आलेख कागद काढला. सहाशे चौरस फूट म्हणजे ५६ चौरस मीटर. आठ इंचांवर पाइप टाकला तर २८० मीटर लागतो. एका वेटोळ्यात ९० मीटरच्या वर जाऊ नये, नाहीतर पंपाचा दम निघतो आणि पाणी वाटेतच गार होतं. म्हणून सत्तर-सत्तर मीटरची चार वेटोळी. पाइप नुसता नागमोडी टाकला तर शेडची एक कड ऊबदार आणि दुसरी गारठलेली. त्यापेक्षा गोगलगायीच्या शंखासारखा आत फिरवत न्यायचा आणि परतीचा पाइप त्याच्या शेजारूनच बाहेर काढायचा. गरमाला गार शेजारी मिळाला की सरासरी सगळीकडे सारखी. खाली थर्माकोलचा थर, नाहीतर आपण तालुका तापवत बसणार. माणसं उभी राहतात तिथे जमीन २९ अंशांच्या वर नेऊ नये, असाही नियम सापडला. एप्रिलात आमचा कोबा तो पाइपाविनाच मोडतो, हे मी समासात लिहिलं आणि पुढे गेलो.

"ही रांगोळी कुणाच्या लग्नाची?" बायकोने विचारलं. मी तिला कोरियातलं ओंडोल समजावलं. तिथे चुलीचा धूर जमिनीखालच्या बोगद्यांतून फिरवून घर तापवायची जुनी रीत आहे. "रांजणगावला एलजीत कोरियन लोक आहेत की," ती म्हणाली. "त्यांनी तापवलीय का इथली जमीन?" या प्रश्नाला आलेख कागदावर जागा नव्हती.

ठिबकच्या दुकानात गेलो. "सोळा एमएम लॅटरल, २८० मीटर."

"ड्रिपर किती फुटांवर?"

"ड्रिपर नको."

"मग पाणी बाहेर कसं येणार?"

"बाहेर येऊच द्यायचं नाहीये."

दुकानदाराने पेन खाली ठेवलं. "ऊस कुठला लावलाय, ८६०३२ का?"

"ऊस नाही, कोबा आहे."

त्याने दुकानातल्या इतर गिऱ्हाइकांकडे पाहिलं. कोब्याखाली कुठला ऊस धरेल, यावर तिथे बराच वेळ मनापासून चर्चा झाली. शेवटी एका पोरसवदा प्लंबरने सांगितलं, "काका, ही नळी गार पाण्याची. गरमाला पेक्स लागतो." तोवर बिल झालं होतं.

तरीही हिंमत सोडली नाही. ओंडोलचा पुरावा हवा म्हणून पारगावच्या पुलावरून भीमा ओलांडली आणि दौंड तालुक्यातल्या एका गुऱ्हाळावर जाऊन थडकलो. चुलाणात चिपाड धडधडत होतं, काहिलीत रस उकळत होता, आणि जाळ जमिनीखालून सरकत थेट धुराड्याला जात होता. हेच ते! मी गुळव्याला माझा नकाशा दाखवला. त्याने कपाळावरचा घाम बोटाने निपटला, कागद उलटसुलट पाहिला आणि म्हणाला, "पाव्हणं, जमीन गार करायचं काय असंल तर सांगा. मालकाला मीच पटवतो."

घरी आलो तर बायकोने हिशेबाला हात घातला. "तापायला किती वेळ लागेल?"

चार इंची कोबा म्हणजे साडेतेरा टन काँक्रीट. तो दहा अंशांनी चढवायचा तर वाया जाणारी ऊब सोडूनही ३३ युनिट लागतात. सकाळी सातला ऊब हवी तर पंप आदल्या रात्री चालू करायला हवा. "सोलरवर करू," मी म्हणालो.

"रात्री?"

मी विषय बदलला. तिने बदलू दिला नाही. "आणि एकदा तापला की गार कधी होणार?"

साडेतेरा टन सावकाश तापतात आणि तितक्याच सावकाश निवतात. म्हणजे दहाला पत्रा वरून तापायला लागणार, त्याच वेळी खालून माझी ऊब ऐन भरात येणार. जानेवारीच्या भर दुपारी माझी पोरं वेल्डिंगच्या धगीत, पत्रा आणि कोबा यांच्यामध्ये दोन्हीकडून खरपूस भाजली गेली असती.

"मग नऊला शेड उघडा," ती म्हणाली आणि झोपायला गेली. इतकी पुस्तकी माहिती चाळली, पण शटर दोन तास उशिरा उघडावं हा उपाय कुठेच छापलेला नव्हता.

नळी थोरल्या भावाच्या उसात गेली, ड्रिपर लावून. नकाशा मात्र शेडच्या भिंतीला चिकटवलेला राहिला. परवा बंगला बांधणारे एक गृहस्थ आले, कॅटलॉगमधलं एकही डिझाइन त्यांना पसंत पडेना. अचानक त्यांची नजर भिंतीवर गेली. "हे काढा की! एकदम वेगळं आहे. मेन गेटला असंच पाहिजे."

मी दर सांगितला, तो त्यांनी मान्य केला. मग बोट ठेवून म्हणाले, "फक्त ही दोन टोकं मोकळी का सोडलीत?"

"तिथून गरम पाणी आत येतं," मी म्हणालो.

"गेटमध्ये?" त्यांनी क्षणभर विचार केला. "त्याचे वेगळे पैसे पडतील का?"