आधीच्या भाषणाची लिंक जोडा

‘पहिल्यांदाच बोलताय? मग हा मंच तुमचाच!’ असं पोस्टर हल्ली आमच्या मोबाइलवर दर पंधरवड्याला येऊन पडतं. त्यावर एक हसरा माइक असतो. शनिवारी संध्याकाळी ऑनलाइन मीटअप, वातावरण घरगुती, कुणी कुणाला जज करणार नाही, चहा ज्याचा त्याने करून घ्यायचा. खाली फॉर्म. नाव, ईमेल, टॉकचा विषय, आणि चौथा प्रश्न : ‘आधी दिलेल्या टॉकच्या व्हिडिओची लिंक’. शेजारी लाल चांदणी. म्हणजे हा रकाना भरल्याशिवाय फॉर्म जागचा हलणार नाही.

प्रथम वधू-वर मेळाव्याच्या पत्रकात ‘आधीच्या लग्नाचा अल्बम सोबत आणावा’ असं छापलं, तर वधूपिते आयोजकांना शोधत फिरतील. टेक मीटअपमध्ये याला प्रोसेस म्हणतात.

‘लागू नाही’ असं लिहून पाहा. फॉर्म लालेलाल होऊन सांगतो, वैध यूआरएल टाका. नुसती आडवी रेघ मारा, तरी तेच. फॉर्म करणारी माणसं पडली सॉफ्टवेअरवाली. नवोदिताला पळवाट ठेवण्याचा हलगर्जीपणा त्यांच्या हातून होत नाही.

पण मराठी माणूस रकाना रिकामा ठेवत नाही. एकाने गल्लीतल्या गणेशोत्सवातल्या सूत्रसंचालनाचा व्हिडिओ जोडला. निवड समितीचा अभिप्राय आला : ‘देहबोली उत्तम, आशय थोडा तांत्रिक हवा.’ दुसऱ्याने भावाच्या हळदीतला नाच पाठवला. ‘लाइव्ह डेमो आवडला, स्लाइड्स कुठे आहेत?’ तिसरा सर्वांत हुशार. त्याने त्या रकान्यात त्याच फॉर्मची लिंक टाकली. लिंक वैध होती, फॉर्मने निमूट गिळली. समितीतल्या एका सद्गृहस्थांनी ती उघडली, समोर फॉर्म दिसला म्हणून कर्तव्यबुद्धीने भरायला घेतला आणि चौथ्या प्रश्नापाशी अडकले, कारण टॉक त्यांनीही जन्मात कधी दिलेला नव्हता. त्यांनी दुसऱ्या सदस्याला विचारलं, दुसऱ्याने तिसऱ्याला. तेव्हा असं निघालं की या रकान्यात खरा व्हिडिओ टाकू शकेल असा अख्ख्या समितीत एकच माणूस आहे आणि दर शनिवारी तोच बोलतो. तातडीची बैठक बसली. विषय : नवोदितांचा प्रतिसाद इतका थंड का? निष्कर्ष : आजच्या मुलांत आत्मविश्वासच नाही. ठराव : पोस्टरवरचा माइक आणखी हसरा करावा.

‘अहो, क्वालिटी बघावी लागते,’ असं आम्हाला एका आयोजकांनी समजावलं. म्हणून आम्ही क्वालिटी बघायला बसलो. पहिली काही मिनिटं वक्ते आपली स्क्रीन दिसते का, हे इंग्रजीत विचारत होते आणि सगळे ‘नॉट येट’ म्हणत होते. मग दिसली ती स्लाइड. कोपऱ्यात साल 2019. करोना येऊन गेला, वक्त्यांच्या दोन नोकऱ्या बदलल्या, पण ‘मायक्रोसर्व्हिसेसकडे आमचा प्रवास’ अजून मुक्कामी पोचलेला नाही. हा लायटनिंग टॉक होता. या जगात लायटनिंग टॉक म्हणजे पाच मिनिटं असा रिवाज आहे. ही वीज चाळीस मिनिटं कोसळत राहिली आणि फुकटच्या खात्याची मुदत संपून मीटिंगच बंद पडली, तेव्हा थांबली. त्या संध्याकाळी घड्याळ पाहणारं तेवढं एकच कोणीतरी होतं. सगळे पुन्हा जोडले गेल्यावर वक्ते म्हणाले, ‘तर मी कुठे होतो?’

शेवटी होस्टने विचारलं, ‘कोणी नवीन बोलणार का? डोन्ट बी शाय, गाइज!’ समोर काळ्या चौकटी. नवख्याला अनम्यूटचं बटण सापडायला पाच सेकंद लागतात. होस्ट चार सेकंद थांबतो.

परभणीचा एक मुलगा आमच्या माहितीतला आहे. घरचा छापखाना. लग्नपत्रिका, पतसंस्थांचे अहवाल, गावच्या दिवाळी अंकांचा मजकूर, सगळा जुन्या फॉन्टमध्ये अडकलेला; आज फाइल उघडली की नुसती गिचमीड. या पोराने पायथनमध्ये प्रोग्रॅम लिहून तो मजकूर युनिकोडमध्ये आणला. आम्हाला फोनवर समजावून सांगितलं : जुन्या फॉन्टमध्ये अक्षरं डोळ्याला दिसतात त्या क्रमाने साठवलेली असतात. ‘कि’ लिहिताना वेलांटी आधी, क नंतर. युनिकोडमध्ये क आधी, वेलांटी मागून. रफाराचं बरोबर उलटं. जुन्या फाइलमध्ये तो अक्षर पुरं झाल्यावर येतो; युनिकोडमध्ये र आणि हलन्त पुढे जाऊन बसतात. त्यामुळे ‘विद्यार्थी’ या एका शब्दात पहिली वेलांटी एक घर मागे ढकलायची आणि रफाराला दुसरी वेलांटी नि थ ओलांडून पुढे आणायचं. संगणक बिघडला की बंद करून चालू करणं, एवढंच आमचं तंत्रज्ञान. तरी आम्हाला ते समजलं. का समजलं? कारण तो मराठीत बोलत होता.

त्याने आयोजकांना दोन गोष्टी विचारल्या. व्हिडिओ नाही, चालेल का? आणि मराठीत बोललं तर? उत्तर आलं, ‘सॉरी, आपला ऑडियन्स पॅन इंडिया आहे.’ त्या मीटिंगची हजेरी आम्ही डोळ्यांनी पाहिली आहे. कुलकर्णी, जाधव, शेख, पवार, पुन्हा कुलकर्णी. पॅन इंडिया म्हणजे कोथरूड ते हिंजवडी.

आता चेष्टा पुरे. ज्या मुलाने खऱ्या माणसांचं खरं काम करून दाखवलं त्याला दारात थांबवायचं, आत तीच जुनी स्लाइड पाचव्यांदा फिरवायची, आणि वर ‘तालुक्याच्या मुलांना न्यूनगंड असतो’ म्हणून च्यक् च्यक् करायचं! न्यूनगंड त्याला नव्हता हो. तो तुम्ही इंग्रजी उत्तरातून, लाल चांदणीतून, चार सेकंदांच्या त्या घाईतून हप्त्याहप्त्याने त्याच्या गळ्यात घातलात. नवखा तुम्हाला बोलायला नकोच आहे. त्याने यावं, म्यूटवर बसावं, चॅटमध्ये टाळ्यांचे हात टाकावेत आणि सहभागींचा आकडा फुगवावा.

काही परिषदांत निवडीच्या पहिल्या फेरीला अर्जदाराचं नाव झाकून नुसता विषय वाचतात. तेही राहू द्या. आयोजकहो, तो फॉर्म मिटा आणि पोराला फोन करा. काय केलंस, एवढंच विचारा, त्याच्या भाषेत. आदल्या संध्याकाळी पंधरा मिनिटं त्याच्याबरोबर बसून माइक नि स्क्रीन तपासून घ्या. पहिल्या टॉकचं रेकॉर्डिंग करू नका, अडखळला तर जगभर राहायला नको. आणि तो बोलत असताना त्या 2019 वाल्यांना म्यूट करून ठेवा. इतकंही जमणार नसेल, तर पोस्टरवरून ‘पहिल्यांदाच बोलताय?’ ही ओळ काढून टाका. तेवढ्या जागेत प्रायोजकांचा लोगो मोठा बसेल.